काडेपेटीतला सोनेरी किडा

आई, चार दिवसांपूर्वी इथं जांबे गावात आमच्या बिल्डिंगमागं, टाकीजवळ उगवलेल्या, वांग्याच्याच कुळातल्या कामोणीच्या झुडपावर तुझा तो सोन्याचा किडा दिसला. तोच, शंकाच नको. पानाला गोल भोकं, टिकलीएवढं अंग, कासवासारखं ढालीखाली लपवलेलं डोकं, ढालीची कड काचेसारखी आरपार. आणि सोनं म्हणशील तर लखलखीत. गुडघ्यांचं दुखणं विसरून मी तिथंच बसले.

कॉलेजात मला किडे जमवायला सांगितले होते. तू तेव्हा दुसऱ्याच्या वांग्यात खुरपायला जायचीस. एक दिवस काम बुडवून पौडपर्यंत चालत गेलीस, तिथून एसटी धरून माझ्या हॉस्टेलवर पोचलीस. पदराच्या गाठीत काडेपेटी होती. माझ्या मैत्रिणींसमोर म्हणालीस, "बघ, वांग्यावर काय घावलं. सोन्याचा हाय." मी पेटी उघडली तर आत मेलेला, मातकट तपकिरी किडा. मैत्रिणी हसल्या. मला लाज वाटली. किड्याची नव्हे गं, तुझ्या चिखलाच्या पायांची. मोठी शहाणी लागून गेले होते. म्हणाले, "आई, डोळे तपासून घे. यात सोनं कुठंय?" तू पेटी उन्हात धरलीस, फिरवून फिरवून पाहिलीस. "काल व्हतं," एवढंच बोललीस, आणि पाणीही न पिता परत गेलीस.

पुढं तू मला काही दाखवायला आणलं नाहीस. मी सुट्टीला घरी आले की शेजारणीला सांगायचीस, "माझी नजर गेली आता." सुई ओवायलासुद्धा तिच्याकडं द्यायचीस. तुझ्या नजरेला काहीएक झालेलं नव्हतं. मी समोर बसून ते ऐकायचे आणि चहा प्यायचे.

टाकीजवळचा तो किडा मी मुलींना दाखवायला डबीत ठेवला होता. आज वर्गात झाकण काढलं तर मेलेला, आणि तपकिरी. पोरी हिरमुसल्या. मी त्यांना समजावलं, हा कासवभुंगेरा, याचं सोनं जिवंतपणीच असतं, अंगातला ओलावा आटला की रंग जातो. दरवर्षी शिकवते. तुझा विषय कधी काढत नाही.

तू असतीस तर आज येऊन सांगितलं असतं, असं लिहायला बसले होते. पण तुझ्याशी आता खोटं कशाला बोलू? मेल्यावर सोनं जातं, हे मी त्याच वर्षी पुस्तकात वाचलं होतं, हॉस्टेलच्या त्याच खोलीत. त्यानंतर तू अकरा वर्षं होतीस, आई.