छत्रीवाल्या माशाच्या पुस्तकातल्या चुका

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरोखर वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात. तुझा गुडघा काय म्हणतो? मेहुण्यांचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. गेले चार दिवस माझ्याशी घरात कोणी धड बोललेलं नाही आणि त्याचं मूळ तुझ्या पुस्तकात आहे, तेव्हा हे पत्र चष्मा लावून वाच.

पुस्तक पोचलं. एकतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढणारी, 'श्वास रोखा, हलू नका' यापलीकडे कोणाला वाक्य न ऐकवणारी माझी बहीण निवृत्त होते काय आणि पोराटोरांसाठी चित्रांचं पुस्तक काढते काय! मागच्या पानावर तुझी ओळख छापली आहे, 'लेखिका ढगांच्या पलीकडे राहतात.' ताई, तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस. छत गळतं म्हणून गेल्या वर्षीचा तक्रार अर्ज मीच लिहून दिला होता, त्यात ढगांचा उल्लेख नव्हता. आत बत्तीस पानं आणि एकशे चौदा शब्द (मोजले). आमच्या छापखान्यात कायद्याच्या पुस्तकातली एक तळटीप एवढ्यात भागत नसे. आणि विषय काय, तर एक मासा कोट घालून, छत्री घेऊन आजीकडे निघतो. इथे मी पहिल्यांदा कपाळाला हात लावला.

एकट्या तुझ्यावर अन्याय नको म्हणून पुस्तकांच्या दुकानात जाऊन बाकीचा मालही पाहून आलो. सगळे एका माळेचे मणी. एका पुस्तकात जिराफाला सर्दी, दुसऱ्यात उशा खाणारी आगगाडी, तिसऱ्यात एक ढग आई हरवली म्हणून रडतो आहे (ढगाला आई असते हे भूगोलाच्या एकाही पुस्तकात मी तपासलेलं नाही, आणि मी सहा तपासली आहेत). प्रत्येकावर चिकटवलेलं, 'कल्पनाशक्तीला पंख!' बसायला म्हणून वीतभर उंचीची लाल खुर्ची होती. तीत बसलो. उठलो तेव्हा तीही उठली. दुकानातल्या बाईंनी आणि एका अनोळखी गृहस्थाने मिळून ती सोडवली, आणि तेवढ्यात एक पोरगं आईला म्हणालं, "हे पण पुस्तकातलेच आहेत का?" म्हणजे या साहित्याने मुलांचं काय केलंय ते बघ.

आता मुख्य प्रकरण. चाळीस वर्षं प्रुफं तपासली. हातात लाल पेन नसेल तर माझे डोळे अक्षरांवर टिकतच नाहीत. जित्याची खोड, दुसरं काय. दुपारी नातीने, म्हणजे आमच्या साडेचार वर्षांच्या मालकीणबाईंनी, तुझं पुस्तक मांडीवर आणून टाकलं आणि 'वाचा' असा हुकूम सोडला. ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी कामाला लागलो. चौथ्या पानावर माशाच्या कोटाला पाच गुंड्या, नवव्यावर चार. बाराव्या पानावर वारा छत्री डावीकडे उडवतो आणि टोपी उजवीकडे. हे सगळं एक वेळ पोटात घातलं असतं, पण तो खेकडा! सात पानांवर येतो, सातही वेळा एकच विचारतो, "माशाला छत्री कशाला? तो तर ओलाच असतो!" कोणी उत्तर देत नाही. शेवटी मासा, आजी, बेडूक, यच्चयावत मंडळी छत्रीखाली दाटीवाटीने बसतात आणि खेकडा बाहेर पावसात उभा. पात्राला काम नसेल तर काढावं, हा साधा नियम. मी सातही खेकड्यांवर काढून टाकण्याची आमची खूण केली. वर गोल वेटोळं, खाली लोंबती शेपटी.

नात आली. विचारलं, हे काय? म्हटलं, याला काढायचं आहे. तर म्हणते, "मग तो जाणार कुठे?"

मी सरळ माणूस. म्हटलं, कुठेच नाही, पुढच्या छपाईत तो नसेल. जे भोकाड पसरलं ताई, की सूनबाई ओल्या हातांनी धावत आली. मुलगा संध्याकाळी नुसतं "बाबा!" म्हणाला आणि जेवायला बसला. तेव्हापासून नात माझ्याजवळ फिरकली नाही. पुस्तक सूनबाई वाचते. मी शेजारच्या खोलीतून ऐकतो. स्वल्पविरामावर थांबत नाही. ऐकवत नाही, आणि उठून जावंसंही वाटत नाही.

काल नातीने पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या सातही खुणा तिने निळ्या खडूने रंगवल्या होत्या. वेटोळ्याची झाली छत्री आणि शेपटीचा झाला दांडा. "आता तो भिजणार नाही," म्हणाली, "वाचा." मी वाचलं, सगळ्या स्वल्पविरामांसकट. आमच्या धंद्यात चुकून खोडलेलं परत ठेवायचं असेल तर खाली टिंबं देतात, म्हणजे 'राहू द्या'. सातही खेकड्यांखाली मी टिंबं दिली. नातीने ती पावसाचे थेंब म्हणून मोजली. बरोबर मोजली.

यावरून माझं मत बदललं असं समजू नकोस. पुस्तक टाकाऊच आहे. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. गुंड्या मात्र पाचच कर.

ता. क. दोन. खेकड्याचा चष्मा डाव्या कानाला दोरीने बांधलेला आहे, लहानपणी माझा असायचा तसा. नातीच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र पहिल्याच पानावर आलं. मी सहा वर्षांचा होतो, अंगात ताप होता, आणि तू हाच मासा सांगत होतीस. मी तो एवढा एक प्रश्न विचारला आणि तू म्हणालीस, "जा, तुला गोष्टच सांगणार नाही." मग कधीच सांगितली नाहीस. तेव्हा मी चूक काढत नव्हतो गं. मला खरंच उत्तर हवं होतं.

ता. क. तीन. पुढच्या आवृत्तीत खेकड्याला छत्रीखाली घे. फार जागा लागणार नाही, कडेला बसेल. प्रश्न विचारणार नाही. (एखादा विचारेल.)