राजीनामा न दिलेल्या बाईची वाटणी

मी, खाली सही करणारी, विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेली विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचंही दडपण नसताना हे लिहून ठेवते. शरीर कंटाळलं आहे, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मागच्या खोलीचं दार घासतं. रंधा मारून घेणार होते, राहिलं.

२. वडिलांकडून आलेला रंधा, पटाश्या, करवती हे सगळं शेजारच्या गल्लीतल्या सुताराला. तरुणपणी त्याने विचारलं होतं, "ताई, हात चांगला आहे तुमचा. माझ्याबरोबर दुकान टाकता का?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." मग मुलं झाली, मग यजमानांचं आजारपण, मग पेन्शन जवळ आली. दर वर्षीचं कारण खरंच असायचं, हेच वाईट. लोकांना "दावा नामंजूर" कळवण्यात हयात गेली. आता बोटं वळत नाहीत. हत्यारांना तेल मात्र लावत आले आहे.

३. धाकट्या दिरांना काही नाही. "लागलेली नोकरी सोडायला डोकं फिरलंय का?" असं ते मला चारचौघांत बोलले होते. तेव्हा स्वतःचा धंदा बुडवून आमच्याकडेच जेवत होते.

४. बँकेतली शिल्लक मुलीला. ती दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि घरी येऊन कानशिलं दाबत बसते. मध्यंतरी तिला म्हटलं, "हे पैसे घे आणि सोड ती नोकरी."

"सोडून काय करू?"

"आवडेल ते कर."

"आई, मला तसं काही आवडत नाही गं. वेळेत सुटून घरी यायला मिळालं की बास. तुझी सोडायची राहिलेली नोकरी माझ्याकडून सोडवून घेऊ नकोस."

फार लागलं. कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग आधीच्या मसुद्यातली "नोकरी सोडल्यास" ही अट मीच खोडली. पैसे तिचे. ती तिथे राहो, सोडो, नाहीतर नुसती झोपून राहो. तिच्या भावाने तिला शहाणपण शिकवू नये.

५. कंपनीतून कुणी हार घेऊन आलं, तर खुर्ची द्यावी, चहा द्यावा. माझ्या निष्ठेबद्दल बोलू लागले तर थांबवावं. मला फक्त उठून निघता आलं नाही.

वरचं सगळं पुन्हा वाचलं. पटलं, म्हणून सही करते.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार: १. शेजारीण, निवृत्त परिचारिका. २. कोपऱ्यावरचे औषधवाले. (ज्याला मिळतं त्याची साक्ष नको, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून सुताराला बोलावलं नाही.)

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: सहीखाली, माझ्याच हाताने