चिकूची पहिली टोपली

प्रिय जाऊबाई,

काल तुमचं तेरावं झालं. आज लेखणी घेतली, कारण तुमच्याशी एक भांडण राहून गेलं आणि आता ते कोणाशी भांडू? मुलांच्या पाटीवर गिरवून शिकलेलं अक्षर आहे, हसू नका.

मला तुमचा हेवा वाटायचा. या डहाणूच्या घरापासून वाटायचा.

आठवतं? दोघा भावांचे संसार रेल्वेच्या चाळीत मावेनात, म्हणून हे घर पाहिलं. मालकीण एकटी गुजराती विधवा. घासाघीस सगळी माझी. दोन हजारांवर आणलं, नारळ फोडला, साखर वाटली. आठ दिवसांनी विसार द्यायला गेलो, तर म्हातारी म्हणते, "अडीच हजार. नाहीतर राहू द्या."

यांचा चेहराच उतरला. वरचे पाचशे आणायचे कुठून? मी तावातावाने बोलले, ती ढिम्म. मग तुम्ही उठलात आणि तिला परसात घेऊन गेलात. तुम्ही तलासरीच्या, गुजराती तोंडात मुरलेली. माझ्यासारख्या सरावलीच्या पोरीला ते बोलणं काय कळणार? घटकाभराने ती डोळे पुसत आली आणि दोन हजारांना हो म्हणाली.

तेव्हापासून घर तुमचं झालं. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "थोरलीमुळे डोक्यावर छप्पर आलं." माझी घासाघीस कोणाला आठवली?

परसातला चिकू माझ्या चुलीपुढचा उजेड अडवायचा. तोडायचं काढलं की तुम्ही म्हणायचात, "राहू दे गं, इंदू." वर दरवर्षी पहिल्या फळांची टोपली तलासरीच्या एस.टी.त! एकदा मी तोंडावर म्हटलं, "पोसा माहेर, आमची मुलं साली चोखतील." तुम्ही टोपलीवर फडकं बांधत राहिलात. का नाही बोललात?

काल म्हातारीची लेक आली, तलासरीहून, रिकाम्या टोपल्या परत करायला. घर विकल्यावर आई तिच्याकडेच राहते. तिनंच सगळं सांगितलं. नारळ फोडल्यावर मी परसात उभी राहून मोठ्यानं म्हटलं होतं ना, की आल्याबरोबर हे झाड पाडायचं? ते झाड म्हातारीच्या नवऱ्यानं लावलेलं. तिनं ऐकलं, आणि आम्ही परत फिरावं म्हणून भाव वाढवला. तुम्ही तिला शब्द दिलात की झाड राहील आणि दरवर्षी पहिली फळं तिच्याकडे येतील.

माझी चूक तुम्ही इतकी वर्षं पोटात ठेवलीत. सासूबाईंपाशीसुद्धा बोलला नाहीत. बाई, यातही मला मागे टाकलंत! आता हेवा करू की रडू?

म्हातारीची नजर गेली आहे. फळ हातात घेऊन ओळखते म्हणे. यंदाची टोपली मी एस.टी.त ठेवून मागे फिरणार नाही, स्वतः नेऊन तिच्या मांडीवर ठेवीन. तेवढं तरी तुमच्यापेक्षा जास्त करू द्या मला.

तुमची हेवेखोर धाकटी,
इंदू