एकेचाळीस कविता

रिव्हर्टन,
१९ मे २००९

प्रिय फर्गस,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. तुझ्या धाकटीचा हात प्लास्टरमधून निघाला हे वाचून बरं वाटलं. ऑकलंडला अजून ऊन आहे म्हणतोस. इथे पंधरा दिवस दक्षिणेचा वारा सुटलाय, सकाळी नळाखाली हात धरला की बोटं बधिर होतात. माझा दमा तसाच आहे. डॉक्टरांनी पंप बदलून दिला, त्यामुळे जिना चढता येतो. पण वर जाऊन करायचं काय? आईची खोली मी रिकामी केली.

साप्ताहिकातलं माझं वाचनाचं सदर बंद करते म्हणून कळवलं. बावीस वर्षं लिहिलं. आई त्याला 'ऐल्साच्या पाककृती' म्हणायची. हल्ली कविता हातात घेतली की दुसऱ्या ओळीला पुस्तक मिटून ठेवते. म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचते, बियाण्यांचा कॅटलॉग वाचते. त्यात कुणाला काही म्हणायचं नसतं. काल एका बैठकीत कोबीच्या चौदा जाती वाचून काढल्या.

दोन्ही पत्रांत तू आईच्या कवितांच्या वहीबद्दल विचारलं आहेस. प्रकाशक थांबलेत, हिवाळा संपायच्या आत हवी, हे समजलं. स्मृतिसभेत तू उभा राहून सगळ्यांना सांगितलंस की आईने जाता जाता एकेचाळीस कविता ठेवल्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत सँडविच खात होते. तेव्हाच बोलायला हवं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टात आईची नजर गेली आणि मी शाळेतून निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आले. तिचे हात तर आधीच थरथरत होते. तू फोनवर म्हणालास, "बरं झालं, तुला तरी दुसरं काय होतं." रोज सकाळी दहाला ती खिडकीपाशी बसायची आणि मी वही घेऊन समोर. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुझ्या अक्षराचा शेवटी उपयोग झाला."

यातला डंख तुला कळणार नाही. एकोणीस वर्षांची असताना मी माझ्या बारा कविता तिच्यासमोर ठेवल्या होत्या. ती बटाटे सोलत होती. हात पुसून तिने बाराच्या बारा वाचल्या, परत एकावर एक नीट लावल्या आणि म्हणाली, "अक्षर सुरेख आहे तुझं." मग पुन्हा बटाटे घेतले. त्यानंतर मी एकही कविता लिहिली नाही.

तिच्या सहा कविता मी इमानाने उतरवून घेतल्या. सातवीच्या वेळी ती एका शब्दापाशी अडली. मी हळूच एक सुचवला. "तू लिही फक्त," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी लिहिलं नाही. सातवीही फाडून टाकली. नकळत झालं असं लिहिणार होते, पण नाही, ठरवून. पेन कागदावर फिरवत राहायचे, कारण तिचे कान तिखट होते. पीठ, मीठ, काड्यापेटी, असं काहीतरी लिहायचे. तिने "वाच" म्हटलं की डोक्यात राहिलेलं म्हणून दाखवायचे. दहा-बारा ओळी धरून ठेवायला काय लागतं? दुपारपर्यंत विसरून जायचे. फर्गस, त्या दुपारींइतकं सुख मला कधी मिळालं नाही. मी मटणाचं सूप करायचे, ती दोनदा मागून घ्यायची, आणि सकाळची कविता जगात कुठेच नसायची.

"किती झाल्या?" असं ती अधूनमधून विचारायची. मी आकडा सांगायचे. एकेचाळीस झाल्यावर म्हणाली, "आता फर्गसकडे पाठव. त्याला कळतं."

मार्चमध्ये तिला न्यूमोनिया झाला आणि दवाखान्याची नर्स, रोइमाता, रोज घरी येऊ लागली. एका सकाळी ती रक्तदाब घेत असताना आईने बाबांच्या रेनकोटची कविता वाचायला सांगितली. ती डिसेंबरातली. मला एकही ओळ आठवेना. मी वही उघडली. पानावर साबण आणि मेणबत्त्या लिहिल्या होत्या. त्या पानाकडे बघत मी तिथल्या तिथे रचत गेले: बाबा बुडाल्यावर होडीवरचा तो रेनकोट तीस वर्षं खुंटीवरच राहिला, खिशात वाळू होती, ती काढायची कुणाची हिंमत झाली नाही, पाऊस आला की आम्ही आधी त्याच्याकडे बघायचो.

आई म्हणाली, "ही माझी सगळ्यात चांगली. एक शब्द हलवू नकोस."

चाळीस वर्षांहून जास्त मी या वाक्याची वाट पाहिली होती. तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "आई, ती माझी आहे. आत्ता केली."

"तरीच," ती म्हणाली. "शेवट सैल वाटला."

मग मी सांगून टाकलं. सहाच्या पुढे वहीत काही नाही. रोइमाताने माझ्या हातातून वही घेतली आणि पानं उलटली. "ऊना, या खरं सांगताहेत," ती आईला म्हणाली. आईने विचारलं, मग काय लिहिलंय? रोइमाता माझ्याकडे बघत राहिली. आईने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने वाचून दाखवलं. पीठ. मीठ. काड्यापेटी. चार पानं झाल्यावर आई हाताने पुरे म्हणाली.

त्यानंतर ती नऊ दिवस जगली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायची मात्र माझ्याच हातून, दुसरं कोण होतं? दिवसभर डोळे मिटून ओठ हलवायची. एकेक कविता आठवत होती. रोइमाता आली की "लिही" म्हणायची. दोन ओळी सांगितल्या की धाप लागायची, तिसरी ओळ भलत्याच कवितेची यायची, ते तिलाही कळायचं आणि ती मान हलवायची. रोइमाता तपासणीच्या तक्त्यांच्या पाठीमागे उतरवून घेत होती. मी दारात उभी असायचे. आई अडली की पुढची ओळ कधीकधी माझ्या तोंडाशी यायची.

मी सांगितली नाही.

ते सात कागद रोइमाताकडे आहेत. मी मागितले तर म्हणाली, "तुम्हाला नाही देणार, ऐल्सा. तुमचा भाऊ येईल तेव्हा त्याच्या हातात देईन." दवाखान्याच्या पत्त्यावर तिला लिही. दीड कविता निघेल त्यातून, फार तर दोन. वही या पत्रासोबत पाठवते आहे, म्हणजे मी खोटं सांगते असं तुला वाटायला नको. प्रकाशकांना काय सांगायचं ते तूच ठरव.

पश्चात्ताप होतो का, असं विचारशील. मला झोप लागते. जेवण जातं. गेल्या मंगळवारी बागेतल्या मातीच्या पेटीत कांदे लावले.

एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबरात एका सकाळी आईने तुझ्यावर कविता केली होती. बाकीच्या विसरले, ती मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. लिहून पाठवणार नाही. फारशी चांगली नव्हती.

ती जिच्यापाशी आहे ती, तुझी बहीण,
ऐल्सा