धमनीवरची खूण

९ नोव्हेंबर, शनिवार
तारासचं स्कॅन मीच केलं. सख्ख्या भावाचं! रस्त्यांवर बर्फ, स्कॅन विभागातलं दुसरं कोणी पोचेना. मेंदूत डावीकडे रक्तस्राव. गुठळीभोवती रक्त किती फिरतंय त्याचा नकाशा काढायचा — माणूस किती सावरेल याचा अंदाज त्यावरून येतो. यंत्राला आधी पडद्यावर एक धमनी दाखवावी लागते, हाताने खूण करून. पुढचं सगळं गणित तिच्यावर. खूण केली आणि परत न बघताच पुढे गेले.

१० नोव्हेंबर
नकाशा निळाच निळा. म्हणजे रक्त कमी.

११ नोव्हेंबर
डॉ. फ्रीसन आईला म्हणाल्या, "चालणं-बोलणं परत येईलसं दिसत नाही. शुश्रूषागृहाच्या यादीत नाव घालून ठेवा." आईने सही केली. चव्वेचाळीस वर्षांचा आहे तो.

१३ नोव्हेंबर
कशात लक्ष नाही. आज एका म्हातारबुवांना दोनदा नाव विचारलं. सारखी ती खूणच आठवते. धमनीऐवजी शेजारच्या शिरेवर पडली असेल तर? मग रक्त सगळीकडे कमीच दिसणार! उघडून बघावं तर तातडी नसताना नातेवाइकाच्या फायलीला हात लावायची बंदी, नोकरी जाईल. शेवटी डॉ. फ्रीसनना सांगितलं. "सोमवारी बघते," म्हणाल्या.

मला भीती वाटायला हवी. उलट हलकं वाटतंय — चूक माझी असेल तर तारास चालेल-बोलेल. लाजच वाटते स्वतःची.

१४ नोव्हेंबर
सोमवारपर्यंत दम निघेना. आईला सांगून टाकलं — माझी खूण चुकली असणार. तिने पीठ मळायचं थांबवलं. मग म्हणाली, "चुकलीस ते बरं झालं गं, ओक्साना." पिठाच्या हातानेच फोन उचलला आणि यादीतून नाव काढायला लावलं. माझं ते "असणार" तिच्या कानात शिरलंच नाही. मीही परत म्हटलं नाही.

१६ नोव्हेंबर
तारास घरी येणार म्हणून आईने त्याचा पलंग पुढच्या खोलीत आणला. चर्चमधल्या बायकांना सांगत सुटलीय, "आमच्या पोरीच्या हातून चूक झाली, देवाची कृपा." बायका माझ्याकडे बघून हसतात. जेवण जात नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
डॉ. फ्रीसननी तपासलं. खूण धमनीवरच आहे, अगदी मधोमध. "तुझं काहीही चुकलेलं नाही," म्हणाल्या आणि माझा हात दाबला.

आईला कसं सांगू, की मी चुकले नाही?