सेन्सरला घातलेला हार

मास्तर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसलोय. उशिराबद्दल माफ करा. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, कागद पुढे घेतला की शुद्धलेखनाचीच धास्ती वाटते. जुन्नरच्या पेठेत तुमच्या दुकानात मी रेडिओ, टेप दुरुस्त करायला शिकलो. त्यातला एक दिवस अजून मनातून जात नाही. खरखर थांबली म्हणून मी रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "खरखर गेली म्हंजी बरा झाला व्हय रे? मेलेला बी गप्पच असतो, लेका!" गिऱ्हाईक हसलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

आता घरची हकिगत. दोन वर्षांपासून बायकोचं विसरणं वाढलंय. मागच्या दाराने निघते ती निघतेच, आणि मागे बिनकठड्याची विहीर. मी दोन शेतं पलीकडे कांद्यात. हात खुरप्यावर, जीव घराकडे. पुण्याहून लेक आली ती तळहाताएवढं निळं सर्किट घेऊन. म्हणाली, "आबा, ह्याला कॉम्प्युटरवरनं शिकवायचं. दारात माणूस हललं की शेतात बझर वाजंल. मधी तार न्हाई, काय न्हाई." शिकवलं तिने, डाग दिले मी, तुम्ही दिलेल्या सोल्डरगनने. डाग चकचकीत आले. एरियलची तार वीतभराला जरा कमी ठेवली. सेन्सर मागच्या दारावर बसवला, त्याचा पांढरा फुगीर डोळा उंबऱ्याकडे. पहिल्यांदा बझर वाजला तेव्हा मी धावत घरी आलो, तर ही मागचं दार झाडतेय. "अवो, इंचू चावला का काय?"

मग दसरा आला. सकाळी खुरपं, कोयता, सोल्डरगन मांडून पूजा केली. ही स्टुलावर चढली. "ह्ये बी आपलंच हत्यार," म्हणून तिने सेन्सरच्या डोळ्यावर गंधाचा गोळा लावला आणि वरून झेंडूचा हार घातला. मी खाली स्टूल धरून उभा, मलाही बरंच वाटलं. शेतात गेलो. दुपार कलली तरी बझर गप्प. म्हटलं, आज निवांत बसलीय. आणि एकदम तुमचं ते ओरडणं आठवलं, आणि डोळ्यावरचं ते गंधही. तसाच पळत सुटलो, विहिरीकडे बघायची हिंमत होईना. तर विहीर मागे टाकून ही बांधावरून माझ्याकडेच चाललेली, पदरात आपट्याची पानं. "पयलं सोनं तुमाला. सकाळी घेतल्याबिगर गेलात. लई इसरता राव तुमी!"

मी बांधावरच बसून हसलो. रडलोही थोडा.

आता विहिरीला कठडा झालाय, डोळा पुसलाय, हार बाजूच्या खिळ्याला असतो. लेकीने सर्किटच्या शिकवणीत बदल केला. दारात कुणी नसलं तरी दर दहा मिनिटांनी बझर एकदा बारीक किर्र करतो, "मी जागा आहे" असं सांगायला. किर्र आलं नाही तर घर गाठायचं. खरं सांगू? किर्र येतं, तरी मी मधे घरी जातोच. चहा प्यायला आलो म्हणतो. ती चहा ठेवते, कधीकधी दोनदा.

हे पत्र सोल्डरगनच्या खोक्यात राहील, टाकणार कुठे? पण मास्तर, अकरा वर्षं तुमच्याकडून काहीच आवाज नाही, आणि गप्प म्हणजे बरा असं समजायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. बरे असाल तर तेवढं एकदा कळवा. लवकर कळवा, मला काळजी लागते.