दहावा फर्मा

प्रिय टिल्ल्या,

तुझं पत्र पोचलं. बूट दोन नंबर मोठे मिळालेत आणि संगीन खुपसताना ओरडावं लागतं, हे वाचून बाबा म्हणाले, "ओरडायला त्याला शिकवावं लागत नाही." हसले नाहीत. पण पत्र दोनदा वाचलं.

आपल्या घरात एकही धड पुस्तक नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर उमगलं. बाइंडरच्या घरी राहतात त्या फसलेल्या प्रती. कुठे सोळा पानांचा अख्खा फर्मा उलटा, कुठे गायब. मी त्यांच्यावरच वाढले आणि पदवीधर झाले, तू म्हणायचास, "म्हणूनच ताईला मधलं काही कळत नाही."

तुझी लाडकी फसलेली प्रत म्हणजे ती जळत्या साम्राज्याची कादंबरी. नवव्या फर्म्यात डावखुरा शिपाई पुलावर एकटा उभा राहतो, नदी प्रेतांनी तुंबते, घोडे त्यांच्यावरून पलीकडे जातात आणि शत्रूचं शहर पडतं. तुझ्या प्रतीत हा फर्मा दोनदा होता, म्हणून पूल तू प्रत्येक वाचनात दोनदा जिंकायचास. दहावा फर्मा नव्हताच. अकराव्यात डावखुऱ्याच्या छातीवर पदक आणि डावी बाही रिकामी. "हात कुठे गेला रे याचा?" मी विचारलं होतं. "बाबांच्या कटिंग मशीनमध्ये," तू म्हणालास, आणि पोट दुखेपर्यंत हसलो आपण. तिसऱ्यांदा वाचून संपवलंस त्याच आठवड्यात तू भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिलास.

गेल्या आठवड्यात माळा आवरताना एक गठ्ठा सापडला. दहाव्या फर्म्याच्या चाळीस घड्या, न शिवलेल्या. शिडीवरच बसून एक वाचली.

शहर पडल्यावर उरलेली माणसं विणकरांच्या कारखान्यात लपतात. सेनापती बाहेरून कड्या घालायला सांगतो आणि छपराला आग लावतो. मागच्या दाराची कडी तुटकी असते, म्हणून ते दार डावखुऱ्यानं ओढून धरायचं. तो धरतो. आतून धक्के बसतात, फटीतून बोटं बाहेर येतात, दुसरा शिपाई ती तलवारीनं छाटतो. कुणीतरी आतून डावखुऱ्याला नावानं हाक मारतं. लोखंड तापतं, त्याच्या तळहाताची कातडी कडीला चिकटते, तरी तो सोडत नाही. धक्के थांबल्यावरच सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओंडक्यावर हात ठेवतो आणि उजव्या हातानं कुऱ्हाड उचलतो. पहिल्या घावात हाड तुटत नाही. त्याचा हात शत्रूनं नाही तोडला, टिल्ल्या.

शिडीवरून उतरून मी घड्या पुन्हा मोजल्या. चाळीस दहावे फर्मे उरले, म्हणजे चाळीस प्रतींत ते पडलेच नाहीत. ही कादंबरी बांधायला आली त्या दुपारी फर्मे जुळवायची पाळी तुझी होती. तुझी मॅच होती, म्हणून मी म्हटलं, जा, मी करते. टेबलाभोवती फिरत एकेका थप्पीतून एकेक फर्मा उचलत होते आणि पाठांतर चालू होतं. नवव्याच्या दोन थप्प्या होत्या. दहाव्यावर मी माझी परीक्षेची वही उघडून ठेवली होती.

प्रकाशकाकडून प्रती परत आल्या तेव्हा बाबांनी तुला विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच, आणि म्हणालास, "चुकलं." बाबांनी लोखंडी पट्टी उचलली आणि मला म्हणाले, "दार लाव, शेजारी ऐकतील." मी लावलं. वाऱ्यानं उघडू नये म्हणून कडीवर हात ठेवून उभी राहिले. पहिले फटके पाठीवर होते. मग पट्टी आडवी फिरली, तुझा कान चिरला, पुस्तकं बांधायला काढलेल्या कापडावर रक्त उडालं. परीक्षा चार दिवसांवर होती, बाबांनी माझी फी बंद केली तर, हे मी मोजत होते. तू ओरडलास तेव्हाही मी कडी सोडली नाही. तुझ्या कानाला चार टाके पडले. मला पहिला वर्ग मिळाला.

हे सगळं काल मी बाबांना सांगितलं. वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी पट्टी हातात घेतली, बराच वेळ तिची धार अंगठ्यानं चाचपली आणि मशीनखाली सरकवून दिली. मग म्हणाले, "त्याला कळवलंस का?" मी पाकिटात घालायला फर्मा घेतला तर हातातून काढून घेतला. "पदवीधर झालीस, घडी अजून धड नाही." हाडाच्या पट्टीनं त्यांनी घडी पुन्हा दाबली. यातली घडी त्यांची आहे.

सोमवारी तुमची शपथ. तोवर स्वतःहून परत येणाऱ्याला अडवत नाहीत, हे तूच लिहिलंस. ये, असं सांगायचा हक्क मी त्या दिवशी कडी धरली तेव्हाच घालवला. पण तुला दाराची कडी धरायला सांगतील तेव्हा नकार दे, असं तरी कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून फक्त ही सोळा पानं पाठवते. शपथेआधी वाच. तुझी प्रत मी उसवून ठेवली आहे, नवव्या आणि अकराव्याच्या मधे जागा सोडून. शिवायचं तू आल्यावर, कधीही आलास तरी. दार उघडंच ठेवते.

कडी सोडलेली, तुझीच
ताई